‘लस आलीय, किमो थांबवा’ म्हणणाऱ्यांना

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. वर रशियाचा झेंडा, शेजारी इंजेक्शनचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत: ‘कॅन्सर हरला! रशियाची लस १०० टक्के यशस्वी. कुठलाही कॅन्सर, कुठलीही स्टेज, एकच डोस. ऑपरेशन नको, किमो नको. एआयने तासाभरात बनवलेली ही लस औषध कंपन्यांनी इतकी वर्षं दाबून ठेवली होती. याच शोधाला नोबेल मिळालंय. किमो सुरू करण्याआधी थोडं थांबा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा, एक जीव वाचेल.’

असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. या वेळी तो माझ्या मावसभावाने पाठवला आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: ‘आईची किमो पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचीय. महिनाभर थांबून बघायचं का?’ मावशीच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढलीय, टाके सुकलेत, डॉक्टरांनी तारीख दिलीय. आणि कर्जाच्या कागदावर तीन-तीनदा वाचल्याशिवाय सही न करणारा तिचा मुलगा एका फोटोच्या भरवशावर आईचे उपचार पुढे ढकलायला निघालाय. त्याला फोनवर सुनावून झालंय. हे बाकीच्यांसाठी.

सुरुवात शेवटून करते, कारण माणूस दगावेल तो याच वाक्याने.

‘किमो सुरू करण्याआधी थोडं थांबा’

ऑपरेशन करून गाठ काढली तरी काही पेशी मागे राहिल्या असण्याची शक्यता असते. त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ऑपरेशननंतरची किमो त्यांच्यासाठीच असते, त्या मूठभर असतानाच गाठण्यासाठी. रिपोर्ट स्वच्छ आला तरी डॉक्टर किमो का म्हणतात, याचं उत्तर हे. आपण ‘थोडं थांबतो’ तेव्हा त्या पेशी थांबत नाहीत.

थांबल्याने काय होतं, हे आकड्यांत मांडलेलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा छापून आला. ३४ अभ्यास, सात प्रकारचे कॅन्सर, पावणेतेरा लाखांच्या आसपास रुग्ण. प्रश्न एकच: उपचारांना चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूची जोखीम किती वाढते? ऑपरेशनला दर चार आठवड्यांच्या उशिरामागे साधारण ६ ते ८ टक्के. आणि मावशीच्या बाबतीत जो आकडा लागू पडतो तो, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरची किमो लांबली तर, १३ टक्के. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन बारा आठवडे लांबलं तर २६.

आता १३ टक्के म्हणजे शंभरातले तेरा जण जास्त दगावतात असं नाही. रुग्णाची जी मूळ जोखीम असते ती तेवढ्या टक्क्यांनी फुगते. शिवाय हे अभ्यास झालेल्या नोंदींवरून केलेले आहेत. मुद्दाम कुणाला थांबवून प्रयोग केलेला नाही, तसा कुणी करणारही नाही. ज्यांना उशीर झाला त्यांच्यात आधीच जास्त आजारी असलेले असू शकतात, म्हणून संशोधकांनी अशी गल्लत टाळणारेच अभ्यास निवडून घेतले. इतकी काळजी घेऊनही आकडा वरच राहिला. ‘महिनाभर थांबून बघू’ला किंमत आहे, आणि ती मेसेज पाठवणारा मोजत नाही.

हो, डॉक्टर स्वतः कधी कधी तारीख पुढे ढकलतात. रक्तातल्या पेशी कमी झाल्या, ताप आला, जखम भरली नाही, तर आठवडा-दोन आठवडे थांबवतात. तो निर्णय रिपोर्ट हातात घेऊन होतो. त्याची बरोबरी याच्याशी करू नका.

आणि गंमत बघा. ज्या प्रकारच्या लसीच्या जोरावर हा मेसेज किमो थांबवायला सांगतो, तिच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगांपैकी एकात किमो होतीच. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरचा हा प्रयोग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात झाला आणि २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. रुग्णांचं आधी ऑपरेशन, मग इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) औषध, मग लस आणि त्यानंतर नेहमीची किमो. तीही साधीसुधी नाही, कडक. सोळा जणांना लस मिळाली, त्यांतल्या आठ जणांच्या शरीराने तिला प्रतिसाद दिला, आणि त्या आठ जणांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण खूपच कमी राहिलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर किती चिवट असतो हे ज्याने घरात पाहिलंय त्याला या बातमीचं मोल कळेल. पण उरलेल्या आठ जणांच्या शरीराने लसीची दखलच घेतली नाही, हेही त्याच निबंधात आहे.

‘ऑपरेशन नको’

या वाक्यावर मी खरंच हसले. ही लस बनते कशापासून, हे लिहिणाऱ्याला माहीतच नाही.

गाठ काढतात किंवा तिचा तुकडा घेतात. त्या तुकड्यातला डीएनए वाचतात, रुग्णाच्या निरोगी पेशींमधला डीएनए वाचतात आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधतात. कॅन्सरच्या पेशींत जे बदल झालेले असतात त्यांतून काही विचित्र प्रथिनं तयार होतात, जी शरीरात दुसरीकडे कुठेच नसतात. यांना निओअँटिजेन म्हणतात. आपल्या प्रतिकारशक्तीला कुठली ओळखू येण्याची शक्यता जास्त, ती निवडतात. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या लसीत अशी जास्तीत जास्त ३४ घेतात, वर सांगितलेल्या स्वादुपिंडाच्या लसीत २०. मग त्यांची कृती एमआरएनएच्या, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूच्या, धाग्यावर लिहितात, तो धागा चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरतात आणि ते इंजेक्शन त्या एकाच माणसाला देतात. स्वादुपिंडाच्या प्रयोगात ऑपरेशनपासून पहिल्या डोसपर्यंत साधारण नऊ आठवडे गेले होते.

म्हणजे लस गाठीतूनच निघते. गाठीचा तुकडा नाही, तर लस नाही.

‘कुठलाही कॅन्सर, कुठलीही स्टेज, एकच डोस’

वरचा परिच्छेद वाचला असेल तर याचं उत्तर मिळालंच. मावशीच्या गाठीपासून बनवलेली लस शेजारच्या खाटेवरच्या बाईंना उपयोगाची नाही, दोघींना आतड्याचाच कॅन्सर असला तरी. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये असे बदल भरपूर सापडतात, म्हणून तिथे या लसींचं काम सोपं जातं. काही कॅन्सरमध्ये ते मोजकेच असतात. स्टेजचं म्हणाल तर वरचा स्वादुपिंडाचा आणि खाली येणारा मेलानोमाचा, असे दोन्ही प्रयोग झाले ते ऑपरेशनने गाठ पूर्ण काढलेल्या रुग्णांवर, कॅन्सर उलटू नये म्हणून. सगळीकडे पसरलेला कॅन्सर एका सुईने विरघळवण्यासाठी नाहीत. आणि डोस? मॉडर्नाच्या लसीचे नऊपर्यंत, दर तीन आठवड्यांनी एक.

‘१०० टक्के यशस्वी’

सप्टेंबर २०२५ मध्ये रशियाच्या वैद्यकीय-जैविक संस्थेच्या प्रमुख वेरोनिका स्क्वोर्त्सोवा यांनी व्लादिवोस्तोकच्या परिषदेत सांगितलं की लस वापरासाठी तयार आहे, मंजुरीची वाट बघतो आहोत. ही बातमी खरी. त्यांनी सांगितलेले निकाल माणसांवरच्या चाचण्यांच्या आधीच्या टप्प्यातले होते: गाठी लहान होणं किंवा त्यांची वाढ मंदावणं, ६० ते ८० टक्के. शंभर हा आकडा त्यांच्या तोंडचाही नाही, तो वाटेत कुणीतरी चिकटवला. प्राण्यांमध्ये उत्तम चाललेली कॅन्सरची औषधं माणसांत ढेपाळतात, हे या क्षेत्रात इतक्यांदा झालंय की त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

त्यात आणखी एक घोळ. मेसेजच्या काही आवृत्त्यांत लसीचं नाव ‘एन्टेरोमिक्स’ आणि ‘४८ जणांवर यशस्वी’ असं येतं. एन्टेरोमिक्स हा रशियातलाच, पण वेगळा प्रकल्प: आजार न करणाऱ्या चार विषाणूंचं मिश्रण वापरून गाठीच्या पेशी फोडायच्या, असा. त्यात एमआरएनए नाही. ४८ हा आकडा त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी हव्या असलेल्या स्वयंसेवकांचा. पहिल्या टप्प्यात औषध सुरक्षित आहे का, हे मुख्यतः तपासतात. दोन वेगळ्या बातम्या कुणीतरी एकत्र शिजवल्या आणि ‘बरे झालेले ४८’ वाढले.

मग माणसांवरचा खरा आकडा किती? आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा मेलानोमाचा आहे, मॉडर्ना-मर्कच्या लसीचा, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेला. १५७ रुग्ण, सगळ्यांची ऑपरेशनं झालेली. काहींना फक्त इम्युनोथेरपीचं औषध, काहींना तेच औषध अधिक लस. दीड वर्षाने कॅन्सर न उलटलेले: फक्त औषधवाल्यांत ६२ टक्के, लस जोडलेल्यांत ७९. हा फरक मोठा आहे, मनापासून सांगते. कॅन्सरच्या दुनियेत एवढ्यावर डॉक्टर खुर्चीत सावरून बसतात. पण शंभरातल्या एकवीस जणांना लस घेऊनही त्या दीड वर्षात कॅन्सरने पुन्हा गाठलं किंवा मृत्यूने. आणि हा दुसरा टप्पा होता; हजारावर रुग्णांचा तिसरा टप्पा त्यानंतर हाती घेतला गेला.

‘एआयने तासाभरात बनवली’

यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. रशियाच्या गामालेया संस्थेचे अलेक्झांडर गिंट्सबर्ग २०२४ च्या डिसेंबरात म्हणाले होते की न्यूरल नेटवर्क (एआयचाच एक प्रकार) वापरलं तर लसीची आखणी अर्ध्या-एक तासात होईल. कुठलं निओअँटिजेन घ्यायचं हा हिशोब खरंच अवाढव्य आहे, आणि संगणकाशिवाय तो होणं नाही. सगळेच संशोधक अल्गोरिदम वापरतात. पण पत्रिका जुळली म्हणजे लग्न लागलं असं नसतं. गाठीचा डीएनए वाचणं, एमआरएनए तयार करणं, तो शुद्ध आहे का हे तपासणं, निर्जंतुक भरणं, हे सगळं उरतंच, आणि वेळ तिथे जातो.

‘औषध कंपन्यांनी दाबून ठेवली’

मॉडर्ना, मर्क, बायोएनटेक, जेनेनटेक. या चाचण्यांमागे पैसा यांचाच आहे. दाबणारे आणि बनवणारे एकच कसे, हे मेसेजवाल्यांनी समजावून सांगावं. कॅन्सरवर उपचार म्हणून दिली जाणारी पहिली लस अमेरिकेत २०१० मध्येच मंजूर झालीय, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी. तिने आयुष्य सरासरी चारेक महिन्यांनी वाढलं, म्हणून तिची कुणी मिरवणूक काढली नाही, एवढंच. कॅन्सरच्या औषधांच्या किमती डोळे पांढरे करणाऱ्या असतात आणि त्याबद्दल कंपन्यांना शिव्या घालायच्या असतील तर मीही येते. पण ते वेगळं भांडण आहे.

आणखी एक. हा मेसेज पाठवणाऱ्या दोघा-तिघांनीच कोविडच्या काळात ‘एमआरएनए लस तुमचा डीएनए बदलते’ असा मेसेज पाठवला होता. माझ्याकडे दोन्ही आहेत. आता तोच एमआरएनए अमृत झाला. तेव्हाही खोटं होतं. एमआरएनए पेशीच्या केंद्रकात जात नाही, निरोप पोहोचवून काही काळाने विरून जातो.

‘नोबेल मिळालंय’

२०२३ चं वैद्यकाचं नोबेल कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांना मिळालं, एमआरएनएचे घटक थोडे बदलून शरीराचा थयथयाट टाळता येतो या शोधासाठी. नोबेल समितीने नाव घेतलं ते कोविडच्या लसींचं. कॅन्सरच्या लसीला नोबेल नाही. त्याआधी २०१८ मध्ये जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना मिळालं ते ज्या इम्युनोथेरपीसाठी, तिच्या कुटुंबातलं औषध वरच्या दोन्ही प्रयोगांत लसीच्या जोडीला होतं. ती औषधं आज अनेक रुग्णांना मिळतात. तुमच्या माणसाला त्यांचा उपयोग होईल का, हे गाठीच्या एका तपासणीवरून बरंचसं कळतं. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा: ‘एमएसआय तपासणी (गाठीच्या पेशींत डीएनएतल्या चुका दुरुस्त करण्याची सोय बिघडलीय का, ते पाहणारी) केलीय का?’ आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा प्रश्न कामाचा आहे. भावाला तोच लिहून दिलाय. दुसरा प्रश्न, ‘आमच्यासाठी एखादी नोंदणीकृत चाचणी चालू आहे का?’ किमो चालू ठेवून दोन्ही विचारता येतात.

आता कॅन्सरची लस खरंच आहे का, याचं उत्तर. आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस २००६ पासून मिळते. ती झालेला कॅन्सर बरा करत नाही, होऊ देत नाही. स्वीडनमध्ये साडेसोळा लाखांहून अधिक मुली आणि स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी होता. जागतिक आरोग्य संघटना ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यायला सांगते. तिच्याबद्दल मला आजवर एकच फॉरवर्ड आलाय: ‘मुलींना देऊ नका, मूल होणार नाही.’ तोही खोटा, आणि पाठवणारे पुन्हा तेच.