इंटरव्ह्यू घेताय? मग जरा इन्क्लुझिव्ह व्हा की!

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, जिथे कुठे तुमचं ऑफिस असेल तिथे हेड ऑफिसचा मेल आलाच असेल, की इंटरव्ह्यूचे प्रश्न आता सगळ्यांना सामावून घेणारे हवेत. टेन्शन घेऊ नका. प्रश्नाचे फक्त कपडे बदलायचे.

'लग्न कधी करणार' हे थेट विचारणं बंद हं. गोड हसून म्हणायचं, पर्सनल लाइफमध्ये पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मग साखरपुडा, सासर, बाळाचा विचार सगळं ती बिचारी स्वतःच सांगते, तुम्ही कुठे काय विचारलंत! 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे झालीय आणि 50 माणसं असली की पाळणाघरही द्यावं लागतं, तेव्हा एवढी काळजी घ्यायलाच हवी ना. आणि समानता म्हणून पुरुषांनाही विचारा, मुलीला ताप आला तर रजा कोण टाकणार? तो हसून 'बायको आहे ना' म्हणेल, तुम्हीही हसा आणि शेऱ्यात लिहा, कामाला वाहून घेतलेला माणूस.

जात तर चुकूनही विचारायची नाही, छे छे. आडनाव बघा फक्त. पण आपल्याकडे पाटील निघाला की पंचाईत, आगरी, मराठा, लेवा कोणीही असू शकतो. मग गाव विचारा, गावात नेमकं घर कुठे ते विचारा, कुलदैवत विचारा, आणि तरीही पत्ता लागला नाही तर डब्यात काय आणता विचारा, टीम एकत्र जेवते म्हणून हो, बाकी काही नाही.

दिव्यांगांचं काय? 2016 च्या कायद्यात 21 प्रकार दिलेत, आपण कुठे लक्षात ठेवत बसणार. गेटवर रॅम्प आहे, त्यावर वॉचमनची खुर्ची, दोन कुंड्या आणि साहेबांची अ‍ॅक्टिव्हा आहे, पण आहे ना रॅम्प! पहिला राउंड मात्र फोनवरच ठेवा, ज्यांना ऐकू येत नाही ते आपोआप गळतात आणि कोणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ येत नाही.

दिवा स्टेशनहून येणाऱ्या पोराला मात्र खोदून खोदून विचारा, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर लोकल पकडून साडेनऊला पोचशील का रोज? घोडबंदरचे मॅनेजर साडेअकराला येतात ते वेगळं, त्यांना ट्रॅफिक लागतं. 'मराठीत बोललं तरी चालेल' हेही आवर्जून सांगा, इंग्लिशमध्ये.

एवढं करून कोणी भलताच पास झाला तर 'कल्चर फिट नाही' लिहून मोकळे व्हा, त्याचा अर्थ आजवर कोणी विचारलेला नाही. जागा तशीही साहेबांच्या भाच्याला गेलेलीच असते. त्याचा इंटरव्ह्यू कॅन्टीनमध्येच उरकतो, प्रश्न एकच, चहा घेणार की कॉफी, आणि खरं सांगू का, अख्ख्या दिवसात कोणालाही उत्तर देता येईल असा तेवढाच प्रश्न विचारला जातो.