दोनाचे पाच

नागपूर, मे महिना, दुपारचे तीन आणि लाइट गेलेली. कूलर थांबला की वाळ्याच्या ताट्यांतून ओला उकाडा खोलीत उतरतो आणि त्यात माणूस स्वतःच घन राहत नाही. नेमकी तेव्हाच लेकीनं वही पुढे केली.

"बाबा, कक्ष तापमानाला द्रवरूप असणारी मूलद्रव्यं कोणती?"

"पारा आणि ब्रोमीन. दोनच!" पाऱ्याशी आपली जुनी ओळख. लहानपणी तापमापक फोडून त्याच्या गोळ्या फरशीवर पळवल्या होत्या. बोट लावलं की एकीच्या दोन, जवळ ढकलल्या की परत एक. पाऱ्याची वाफ विषारी असते हे पुढे कळलं, आईचा हात त्याच क्षणी कळला.

"कक्ष तापमान म्हणजे किती?"

"25."

तिनं भिंतीवर पाहिलं. तिथं 41. "मग ही खोली कक्ष नाही का?"

इथून माझी वाट लागली. मोबाइल काढला. सिझियम 28.5 अंशांना वितळतं, गॅलियम 29.8 ला. गॅलियम म्हणे तळहातावर ठेवलं तरी पाघळतं. इथं तळहाताची गरजच नव्हती. रुबिडियम 39.3. म्हणजे आमच्या घरात दोनाचे पाच झाले! पांढरा फॉस्फरस 44.2 ला, तो गच्चीवर. (सिझियम आणि फॉस्फरस हवेत उघडे ठेवले तर पेटच घेतात, पण हे मी तिला सांगितलं नाही. तिनं तेही करून बघितलं असतं.) ब्रोमीन 58.8 ला उकळतं. दुपारी आमच्या स्कूटरच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हायड्रोजन, ऑक्सिजन वगैरे अकरा वायू तेवढे इमानी, कुठल्याही ऋतूत वायूच.

"मग काय लिहू? दोन की पाच?"

आतून आई म्हणाली, "काऊन पोरीले तरास देतं रे? दोनच लिहू दे. ज्यानं पुस्तक लिहिलं, त्याच्या घरी एसी असन."

लेकीनं मात्र ठसठशीत "पाच" लिहिलं आणि खाली पाचही नावं.

तेवढ्यात लाइट आली. कूलर घरघरला, पाणी ताट्यांवर झिरपलं, अर्ध्या तासात खोली 36 वर आली. मला डुलकी लागत होती, तर कानाशी खोडरबराची खसखस.

"काय खोडतेस?"

"रुबिडियम. गोठलं ते."