स्पेनमध्ये ट्रेन की विमान? (आमच्या घरातल्या भांडणाचा वृत्तांत)

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. "आईबाबांना घेऊन स्पेनला चाललोय. बार्सिलोना ते सेव्हिल विमानाने जावं की ट्रेनने?" उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं.

आमच्याकडे याच प्रश्नावर दोन संध्याकाळी खर्ची पडल्या होत्या. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: विमान पावणेदोन तास, ट्रेन साडेपाच तास, विषय संपला. माझं म्हणणं, विषय तिथे सुरू होतो. हॉटेल सोडून एल प्रात विमानतळ गाठा, बॅगा द्या, सिक्युरिटीत बूट काढा, गेटपाशी बसा, उतरल्यावर पट्ट्यासमोर उभे राहा, मग शहरात जायची बस शोधा. पावणेदोनचे साडेचार-पाच कधी होतात कळत नाही. तरीही थेट जायचं तर विमान थोडं पुढेच राहतं, हे खरं आहे. त्या वेळी मी ते कबूल केलं नव्हतं.

पण बार्सिलोना ते सेव्हिल थेट जायचंच कशाला? मध्ये माद्रिद आहे. बार्सिलोना ते माद्रिद रुळांवरून साधारण ६२० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून अकोला ओलांडण्याइतकं. गाडी ते अडीच तासांत कापते. याच दोन शहरांमध्ये १९७४ पासून 'पुएन्ते आएरेओ', म्हणजे हवाई पूल, नावाची विमानसेवा चालत आली. आपल्याकडे दादरला शिवनेरी धरावी तशी माणसं ते विमान धरायची. २००८ मध्ये वेगवान रेल्वेमार्ग बार्सिलोनापर्यंत पोचला आणि त्यातली बरीचशी माणसं रुळांवर उतरली. २०२१ मध्ये विगो आणि २०२२ मध्ये इर्यो या कंपन्यांच्या गाड्या सरकारी रेन्फेच्या शेजारी धावू लागल्या. या मार्गावर तिकीट लवकर काढलं तर स्वस्तात मिळतं ते या चुरशीमुळे. उशीर केलात तर भाव विमानासारखाच चढतो. आम्ही शेवटच्या टप्प्याची तिकिटं आळसाने उशिरा काढली. चार माणसांचे किती झाले ते इथे लिहीत नाही, सासूबाई फेसबुकवर आहेत.

माद्रिदहून पुढे सेव्हिल अडीच तास. स्पेनमधला हा पहिला वेगवान मार्ग, १९९२ चा, त्या वर्षी सेव्हिलला भरलेल्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी घाईने पुरा केलेला. पुढे अनेक वर्षं या मार्गावर गाडीला पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर तिकिटाचे सगळे पैसे परत मिळायचे. हे ऐकून बाबा, ज्यांनी आयुष्यभर मध्य रेल्वेने नोकरी गाठली, काही क्षण बोललेच नाहीत.

आता माझा मुख्य मुद्दा. माद्रिद आणि सेव्हिल यांच्या मध्ये कोर्दोबा लागतं. माद्रिदपासून पावणेदोन तास, तिथून सेव्हिल पाऊण तास. विमानात बसलात की कोर्दोबा गेलं. आम्ही एक रात्र राहिलो आणि सकाळी मेझकिता पाहिली. आठशेहून जास्त खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी आणि त्या मशिदीच्या ऐन पोटात बांधलेलं कॅथेड्रल. आई एका खांबाला टेकून बराच वेळ नुसती बघत होती. या एका थांब्यासाठी मी घरातलं ते भांडण पुन्हा करायला तयार आहे.

खाण्याचंही सांगते. विमानाच्या हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरचा नियम. ट्रेनच्या स्टेशनवर सामान स्कॅनरमधून जातं, पण थर्मासमधल्या चहाला कुणी हरकत घेतली नाही. सारागोसाच्या आसपास उजाड, मातकट माळ लागला तेव्हा आईने दशम्या काढल्या. बाहेर बघून म्हणाली, "हे तर आपलं माण-खटाव."

पण म्हणून ट्रेनचा झेंडा घेऊन नाचू नका. स्पेनचे वेगवान मार्ग बहुतेक माद्रिदमधून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटतात. माद्रिद तुमच्या वाटेत असेल तर ट्रेन. सेव्हिलहून बिल्बाओ किंवा बार्सिलोनाहून सांतियागो असं देशाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जायचं असेल तर मुकाट्याने विमान पकडा. त्यात रुळांची भानगड वेगळीच. स्पेनचा जुना गेज १६६८ मिलिमीटर, जवळजवळ आपल्या ब्रॉडगेजएवढा (आपला १६७६). नवे वेगवान मार्ग मात्र युरोपशी जुळावेत म्हणून १४३५ चे. त्यामुळे काही गाड्या वाटेत एका शेडमधून हळूहळू सरकत चाकांमधलं अंतर बदलतात आणि मग जुन्या रुळांवर लागतात. अशा गाड्या बनवणाऱ्या ताल्गोचे डबे २०१६ मध्ये मुंबई-दिल्ली मार्गावर चाचणीला धावले होते, आठवत असेल. तेव्हा तिकिटावर नुसतं 'ट्रेन' बघू नका, किती तास लागतात ते बघा.

"ट्रेन थेट गावात सोडते" हेही अर्धसत्यच. माद्रिदजवळच्या सेगोव्हियाचं वेगवान गाड्यांचं स्टेशन गावाबाहेर, तार्रागोनाचं तर आणखी लांब. आणि माद्रिदला दोन मोठी स्टेशनं आहेत, आतोचा आणि चामार्तिन. आम्ही सेगोव्हियासाठी सामान ओढत आतोचाला पोचलो, तिथल्या जुन्या इमारतीतल्या ताडामाडांच्या बागेत फोटो काढले, आणि मग तिकीट नीट वाचलं. गाडी चामार्तिनहून. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. नवरा त्या धावपळीत एक शब्द बोलला नाही, जे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मैत्रिणीला शेवटी एवढंच लिहिलं: मुंबईहून जाण्यायेण्याचं तिकीट बार्सिलोना-बार्सिलोना काढू नकोस. बार्सिलोनाला उतर, माद्रिदहून परत ये. सेव्हिल करून माद्रिदला यायला अडीच तास लागतात, उलटं बार्सिलोना गाठायची कटकटच उरत नाही.

तिचं उत्तर आलं: "अगं, ते तिकीट तर जूनमध्येच काढलं. बार्सिलोना-बार्सिलोना."

मग येताना विमान घे बाई. जाताना कोर्दोबा.