किल्लीला उगाच बोल लावू नका

हिचकॉकच्या 'डायल एम फॉर मर्डर' या सिनेमाचा (१९५४) विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बाकी ठीक, पण तो किल्लीचा घोळ काही पटत नाही." माझं मत नेमकं उलट आहे. किल्लीचा हिशोब चोख आहे. भगदाड आहे ते टेलिफोनमध्ये. (पुढे सगळं फोडलंय. पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

आधी किल्ली. टोनीला आपल्या बायकोचा, मार्गोचा, खून करवायचा असतो. तो तिची लॅचची किल्ली तिच्या पर्समधून काढून जिन्यावरच्या गालिच्याखाली ठेवतो. भाडोत्री मारेकरी स्वॉनने ती घ्यायची, आत शिरायचं, काम उरकायचं आणि जाताना किल्ली होती तिथे ठेवायची. आता लॅच कसा चालतो बघा. बाहेरून किल्ली लागते, आतून नुसतं बोंड फिरवलं की दार उघडतं, आणि ओढून घेतलं की आपसूक लागतं. म्हणजे किल्लीचं काम एकदाच, आत जाताना. म्हणून स्वॉन दार उघडल्या उघडल्या ती जागेवर ठेवून देतो. खून करून निघताना जिन्यात वाकून गालिचा कोण चाचपत बसणार? टोनी मात्र स्वतःच्या सूचनेवर विसंबून प्रेताच्या खिशातली किल्ली काढतो आणि मार्गोच्या पर्समध्ये टाकतो. ती असते स्वॉनच्याच घराची! लॅचच्या किल्ल्या दिसायला सारख्या, पोलीस यायच्या आत सगळं आवरायचं, लावून बघायला सवड कुठली? इन्स्पेक्टर हबर्डला खटकतं ते हेच, की मेलेल्या माणसाजवळ स्वतःच्या घराची किल्ली कशी नाही.

आता फोन. ठरलेलं असं की रात्री ११ला टोनीने बाहेरच्या पार्टीतून घरी फोन लावायचा. मार्गो झोपेतून उठून टेबलाशी येईल आणि पडद्यामागचा स्वॉन मागून गळा आवळेल. मार्गो वाचते, स्वॉन मरतो आणि खुनाचा आरोप तिच्यावर येतो. हा माणूस आपल्याला ब्लॅकमेल करत होता म्हणून आपण त्याला आत घेऊन मारलं, असा. पण नवऱ्याचा फोन वाजला म्हणूनच ती त्या जागी उभी होती, ही गोष्ट तिच्या बचावाची सगळ्यात मोठी बाजू नाही का? टोनी म्हणतो, साहेबांचा नंबर आठवेना म्हणून घरी फोन केला. रात्री अकराच्या सुमारास, नेमका त्याच मिनिटाला! कुठलाही वकील हा योगायोग सहजासहजी सोडणार नाही. गळ्यावरच्या वळाचंही तेच. आवळला स्कार्फने, टोनी पुरावा पेरतो मोज्याचा. डॉक्टरांच्या तपासणीत त्या वळाचं काय झालं?

हिचकॉकला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. म्हणून तर त्याने कोर्ट दाखवलंच नाही. मार्गोचा चेहरा, मागे बदलते रंग, कानावर आवाज, की थेट फाशीची शिक्षा. जिथे प्रश्न पडायचे तोच भाग त्याने गाळला. लबाडीच, पण काय देखणी!

नियतीची चेष्टा मात्र एकेक हत्यार टोनीवरच उलटवते. मार्गोला त्या रात्री सिनेमाला जायचं असतं. हाच तिला कात्रणं चिकटवायच्या कामाला बसवतो, म्हणून टेबलावर कात्री असते, आणि तीच स्वॉनच्या पाठीत जाते. टोनीचं घड्याळ बंद पडतं, बूथमध्ये दुसराच कुणी बोलत असतो, फोनला उशीर होतो. कंटाळून स्वॉन निघालेला असतो तेवढ्यात घंटी वाजते. आणखी मिनिटभर उशीर झाला असता तर कुणीच मेलं नसतं.

शेवटच्या प्रसंगात हबर्ड युक्तीने रेनकोटांची अदलाबदल करतो आणि टोनीची स्वतःची किल्ली काढून घेतो. टोनी पोलिसांकडून मार्गोची पर्स आणतो, तिच्यातली किल्ली लावून बघतो. लागत नाही. तो निघतो. इथे तसाच गेला असता तर हबर्डच्या हातात काहीच उरलं नसतं. पण तो थबकतो, विचार करतो, मागे फिरतो आणि गालिच्याखाली हात घालतो. ती जागा कट रचणाऱ्यालाच ठाऊक असणार, म्हणून तो पकडला जातो. किल्ली कुठे असेल याचा अख्ख्या सिनेमात त्याने बांधलेला हा एकमेव बरोबर अंदाज.