बॉनेट उघडण्याआधी डिकी उघडा

उन्हाळा आला की अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तेच फोटो फिरायला लागतात. कुठल्यातरी शेतावरच्या कोठारात धूळ खात पडलेली १९६९ची डॉज चार्जर नाहीतर शेव्हरोलेची शेव्हेल, टायर बसलेले, काचेवर जळमटं. आणि खाली पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन कुठलं आहे? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा.

तो आधी का सुचतो हे कळतं. १९६४ साली पॉन्टियॅकने मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवून जीटीओ काढली, ती विकलीच गेली इंजिनाच्या जोरावर. १९६८ची प्लिमथ रोड रनर तर ‘गालिचा नको, पण जोर द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच होती. मग विम्याचे हप्ते भडकले, १९७३ची तेलटंचाई आली आणि याच गाड्या मिळेल त्या भावात गेल्या. तेव्हा विकणारे आता सत्तरी ओलांडून त्याच गाड्या शोधत फिरतायत. त्यांच्या कानात अजून इंजिनच घुमतंय. पण गाड्या मेल्या त्या पत्र्याने.

इंजिन मिळतं हो. शेव्ही स्मॉल ब्लॉक, म्हणजे शेव्हरोलेचं छोट्या बांध्याचं व्ही-८, आजही कोरं करकरीत विकत मिळतं. पॉन्टियॅकची ३८९, ४०० आणि ४५५ घनइंची इंजिनं बाहेरून जवळपास एकाच मापाची, एकाच्या जागी दुसरं बसतं. सडलेल्या बॉडीचं तसं नाही. तिथे पैसे जातात ते मजुरीत, आणि ते कुठे थांबतील याचा अंदाज कुणालाच नसतो.

म्हणून आधी डिकी. मॅट उचला, स्टेपनीचा खड्डा बघा, दोन्ही कोपऱ्यांत हात घालून चाचपा. व्हायनिल टॉपची, म्हणजे छपरावर प्लास्टिकचं आवरण चिकटवलेली गाडी असेल तर गंज धरूनच चाला. व्हायनिलखाली पाणी अडकतं, मागच्या काचेभोवतीच्या पट्टीच्या क्लिपांपाशी पत्र्याला भोकं पडतात आणि पाणी डिकीत, तिथून मागच्या मडगार्डच्या पोटात उतरतं. बाहेरून रंग चकचकीत दिसला तरी भुलू नका. लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून चाकाच्या कमानीवर फिरवा. पकड सुटली तिथे लांबी (पुट्टी) भरलीय.

मग गाडीखाली. डॉज आणि प्लिमथ क्रायस्लरच्याच, त्यांच्या चार्जर, रोड रनरला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीलाच जोडलेल्या रेलवर. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर आणि पुढच्या सीटखालचा, टॉर्शन बार (पुढच्या स्प्रिंगचं काम करणारे दांडे) अडकतात तो आडवा क्रॉसमेंबर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पातं आत गेलं तर ही गाडी फक्त सुट्या भागांसाठी घ्यायची. शेव्हेल, जीटीओला वेगळी फ्रेम असते. ती मागच्या ॲक्सलवरून वळते तिथे चिखल साचून आतून सडते. मस्टँगची खोड निराळी: समोरच्या काचेखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली डोकं घाला. कार्पेटवर थेंब पडले तर काऊल, म्हणजे त्या जाळीखालचा पत्र्याचा डबा, गेलाय. तो बदलायचा म्हणजे ढीगभर स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवायचे. मिशिगन-ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथली गाडी खालून खाल्लेली असते. ॲरिझोनातली वरून भाजलेली, सीट फाटलेल्या, रबर कडक झालेलं. दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर डोळे झाकून ॲरिझोनाची घ्या.

फ्लोअर कापायचाच असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या चौकोनी पाइपा वेल्ड करा. हे न करता कापणारे बरेच आहेत. बॉडी मधून बसते, नवा फ्लोअर सुरेख जोडला जातो आणि मग दार लागत नाही. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही. इथे एक टाका, वीतभर पलीकडे दुसरा, मध्ये थंड होऊ द्यायचं. नाहीतर पत्रा उसळतो.

पत्रा पास झाला की कागद. १९६४-६५मध्ये जीटीओ हे नुसतं ऑप्शन होतं, व्हिन (गाडीच्या ओळखीचा कारखान्याचा) नंबरातून काही कळत नाही. १९६६ ते १९७१पर्यंत नंबर २४२ने सुरू होतो. १९६९-७०च्या शेव्हेल एसएसचंही (शेव्हेलची जोरदार आवृत्ती) व्हिनमध्ये नाव नाही, म्हणूनच बनावट एसएस एवढ्या. क्रायस्लरच्या व्हिनमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं: १९७०च्या गाडीवर तिथे ‘आर’ असेल तर ती ४२६ घनइंचाचं हेमी इंजिन घेऊन निघाली होती. जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले, पॉन्टियॅक त्यांच्याच) इंजिन ब्लॉकवर तो ओतल्याची तारीख असते, पहिलं अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. गाडी त्या आधी बनलेली असेल तर मूळ इंजिनाची कहाणी तिथेच संपली. आणि एका गाडीची व्हिन पट्टी काढून दुसरीला लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा, तो अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

आता उघडा बॉनेट. जाम झालेल्या इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतात. सगळे प्लग काढा, गिअर ऑइल नव्हे, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून प्रत्येक सिलिंडरमध्ये ३०-४० मिली ओता. आठवडाभर हात लावू नका. ॲसिटोन भडकतं, तेव्हा हे काम उघड्यावर करा. मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून पुढे-मागे थोडं थोडं हलवा. काही जुन्या शेव्ही स्मॉल ब्लॉकच्या क्रँकला पुढे बोल्टच नसतो, तिथे फ्लायव्हीलच्या दात्यांवरून फिरवावं लागतं. प्लग काढलेलेच ठेवा, म्हणजे द्रव बाहेर पडेल.

पहिल्यांदा चालू करताना जुन्या टाकीतलं पेट्रोल नको, वेगळ्या कॅनमधून द्या. रबरी नळ्या सरसकट बदला, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्यांना खातं. जनरल मोटर्सच्या गाड्यांतला क्वाड्राजेट कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर पेट्रोल अडवणाऱ्या नीडलच्या मागे लागण्याआधी त्याचा फ्लोट (तरंगता गोळा) वजन करून बघा. तो पेट्रोल पिऊन जड होतो. नवा फ्लॅट टॅपेट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, सपाट टॅपेटवर घासणारा दांडा) घातला असेल तर चालू होताक्षणी २,००० ते २,५०० आरपीएमवर २० मिनिटं. आयडलला ठेवलात की कॅमचे उंचवटे (लोब) घासले, कारण तिथे तेल उडत नाही. तेल झिंकचं प्रमाण चांगलं असलेलंच.

क्रायस्लरवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. गाडीचा मुख्य करंट फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) कनेक्टरमधून अँपमीटरकडे जातो. पन्नास वर्षांत तिथे गंज चढतो, गरम होतो, प्लास्टिक वितळतं. बॅटरी जोडण्याआधी तो कनेक्टर उपसून काळा पडलाय का बघा. आणि १९७०च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्याचे आहेत, स्टडवर ‘एल’ कोरलेला असतो. भंगारवाड्यात पान्याच्या दांडक्यावर उभं राहून जोर लावण्याआधी तेवढं अक्षर वाचा.