गजाल खोडून काढायची गजाल

मालवणकडे गप्पांना गजाली म्हणतात, आणि आमच्या कॉलेजच्या ऑफिसात गजाल फायलीपेक्षा लवकर पुढे सरकते. त्यात मे महिना. मुलं सुट्टीवर, आम्ही ऑफिसवाले तेवढे हजर.

सुरुवात एका टेपने झाली. पावसाआधी गटार काढायचं म्हणून ठेकेदाराचा माणूस पार्किंगच्या कडेला माप घेत होता. ते शिपायाने पाहिलं. अकराच्या चहाला बातमी आली, की माडाखालची जागा साहेब लोकांना राखीव होणार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरलेल्यांना दरमहा पैसे लागू झाले, आणि हात धुता धुता कोणीतरी कँटीनही त्यात ओवलं: ठेका मुंबईवाल्याला, मासे बंद, पनीर सुरू. अकाउंटच्या बाईंनी पार्किंगचं निमूट ऐकून घेतलं होतं. पनीर म्हटल्यावर त्यांच्या हातातला डबाच खाली आला.

खरं तर त्या माडाखाली आजवर कोणी गाडी लावत नव्हतं. वरून नारळ येईल की अख्खी झावळी, नेम नाही. पण राखीव होणार म्हटल्यावर सव्वानऊलाच तिथे जागा मिळेना!

प्राचार्य म्हणाले, "भाऊसाहेब, एक खुलासा काढा."

काढला. ‘उपाहारगृहातील मत्स्याहार बंद करण्याचा कोणताही विचार नाही. वाहनतळाच्या व्यवस्थेत बदल नाही.’ खाली सही, गोल शिक्का, तारीख ३१ मे.

दुसऱ्या दिवशी थाळीतून सुरमई गायब. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा हंगाम, शिवाय दर्या खवळलेला. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त शिक्का मारताना मला आठवलं नाही. कँटीनच्या काकींनी कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. सुका झाला म्हणून काय, तोही मत्स्याहारच, असं मी पटवायला गेलो. शिपाई बांगड्याचा काटा काढत शांतपणे म्हणाला, "आज सुरमय गेली. उद्या बांगडो जातलो. मगे पनीर."

निदान पार्किंगचं तरी मिटवावं म्हणून मी स्वतःची स्कूटर मुद्दाम माडाखाली लावायला लागलो. सगळ्यांनी बघावं, जागा कोणाच्या बापाची नाही. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पहिला पाऊस वाऱ्यासकट आला आणि एक झावळी सरळ आरशावर. आरसा लोंबत, सीटवर पाणी. भिजत भिजत स्कूटर ढकलून गेटजवळच्या चिऱ्याच्या गडग्याला लावली आणि हेल्मेट काढतोय, तर व्हरांड्यातून शिपायाचा आवाज, अकाउंटच्या बाईंना:

"भाऊसाहेबांनी आपली गाडी काढल्यानी. म्हणजे खराच आसा!"