करार करा, पण पंचही नेमा

मुक्त व्यापार कराराची बातमी आली की सगळी चर्चा कुठल्या मालावरचं आयात शुल्क किती उतरलं यावरच होते. मी कराराच्या मजकुरात आधी तंटा निवारणाचं प्रकरण शोधतो. उद्या समोरच्या देशाने शब्द फिरवला तर दाद कुठे मागायची, हे लिहिलेलं नसेल तर बाकीचा सगळा करार बलवान देशाच्या मर्जीवर चालतो.

आणि नुसतं प्रकरण असूनही भागत नाही. मेक्सिकोच्या साखरेचं काय झालं बघा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा हा मुक्त व्यापार करार १९९४ मध्ये लागू झाला. मेक्सिकोची किती साखर अमेरिकेत विकता येईल यावरून दोघांचं फाटलं. मेक्सिकोने २००० साली करारातल्या तरतुदीनुसार पंच मंडळ मागितलं. अमेरिकेने पंचांची नेमणूक होऊच दिली नाही, आणि तसं झालं तर काय करायचं याचं उत्तर करारात नव्हतं. शेवटी मेक्सिकोने २००२ पासून उसाची साखर न वापरणाऱ्या शीतपेयांवर २० टक्के कर बसवला. रोख अर्थातच साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या मक्याच्या सिरपवर होता. तेव्हा मात्र अमेरिका तडक जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत गेली आणि जिंकली. आमचं मूळ गाऱ्हाणं नाफ्टाच्या पंचांपुढे आधी येऊ द्या, असं मेक्सिको सांगत राहिला. डब्ल्यूटीओच्या अपील मंडळाने २००६ मध्ये ते मानलं नाही. पंच अडवणाऱ्यालाच न्याय मिळाला, याची मला अजून चीड येते.

२०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला. त्यात ही पळवाट बुजवली: एका बाजूने अडून बसायचं ठरवलं तरी पंच बसतातच. पुढे मोटारींच्या सुट्या भागांच्या वादात मेक्सिको आणि कॅनडा अमेरिकेविरुद्ध जिंकले. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या मक्यावर मेक्सिकोने घातलेल्या निर्बंधांच्या वादात २०२४ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिको हरला आणि त्याने ते निर्बंध मागे घेतले. मोटारींच्या निकालाची अंमलबजावणी अमेरिकेने रखडवली हे खरं, पण चूक कोणाची ते निदान जगासमोर कागदावर आलं.

‘डब्ल्यूटीओ आहे की’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, अमेरिकेने नेमणुका रोखल्यामुळे तिथलं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. हरलेला देश अपील करून निकाल लटकवून ठेवू शकतो.

सार्वभौमत्वाची भीती मला समजते. पण देशादेशांमधले पंच कोणाचा कायदा रद्द करू शकत नाहीत. निकाल पाळला नाही तर समोरच्याला सवलती काढून घेता येतात, एवढंच.

खरी भीती कंपन्यांना थेट सरकारविरुद्ध दाद मागू देणाऱ्या तरतुदींची आहे. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरचं ब्रँडचं डिझाइन काढायला लावणारा कायदा केला. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या हाँगकाँगशी असलेल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन सरकारला लवादापुढे खेचलं. त्या कराराचा फायदा मिळावा म्हणून वाद दिसत असतानाच कंपनीने मालकीची फेररचना केली होती, त्यामुळे २०१५ मध्ये दावा फेटाळला गेला. तोवर लोकांच्या आरोग्यासाठी केलेल्या कायद्याचा बचाव करण्यात सरकारची वर्षं आणि पैसा गेला. हा दरवाजा व्यापार करारात नकोच. कंपनीची तक्रार असेल तर तिने त्या देशाच्या कोर्टात जावं, तिथले नागरिक जातात तसं.